सहा गुणांचं क्रियापद

खुर्ची तशी चॅपलची होती. पण हीटरजवळची, ॲव्हरिलच्या समोरची ती खुर्ची थेल्मा एन्टविसलची, हे बार्लिकमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दर गुरुवारी दुपारी चॅपलच्या मागच्या खोलीत स्क्रॅबलचा क्लब भरायचा, आणि थेल्मा यायच्या आत त्या खुर्चीवर कोणी टेकलंच, तर ती काही न बोलता समोर उभी राहायची. हातातली छत्री टपटप गळत असायची. बसलेला माणूस आपोआप उठायचा.

त्या गुरुवारी मात्र खुर्चीवर कोणी बसलेलं नव्हतं. त्याहून वाईट झालं होतं. ॲव्हरिलच तिथे नव्हती. ती पार पलीकडे खिडकीशी जाऊन बसली होती, जिथे फटीतून वारा आत येतो आणि क्लबातला एकही जण तिथे बसायला तयार नसतो. आणि तिच्या शेजारी, समोर नव्हे, अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली होती मिसेस पिकप.

"इकडे उजेड बरा आहे गं!" ॲव्हरिल तिथूनच ओरडली. ओरडली म्हणजे रागावली नव्हती. ती बोलायचीच तशी. गिरणीने तिचे कान केव्हाच खाल्ले होते, त्यामुळे स्वतःचा आवाज किती मोठा निघतो हे तिला कळत नसे.

"उजेड!" थेल्मा स्वतःशी पुटपुटली. "इतकी वर्षं अंधारात बसलो होतो जणू."

रोवेना पिकप बार्लिकला राहायला आली ती मागच्या शरद ऋतूत. विधवा बाई, गोल चेहरा, लाल रंगाची छोटी गाडी आणि सदान्कदा हसू. हे हसूच थेल्माच्या डोक्यात जायचं. शिवाय बाई बर्नलीची. बर्नली म्हणजे लँकेशायर, यॉर्कशायरवाल्यांच्या लेखी पिढीजात वैरी. आता सरकारने वीसेक वर्षांपूर्वी नकाशावरची रेघ सरकवून बार्लिकलाही लँकेशायरात ढकललं होतं ही गोष्ट खरी, पण थेल्माने ती मनावर घेतली नव्हती. ती अजूनही पाकिटावर यॉर्कशायरच लिहायची आणि पोस्टमनही बिचारा काही बोलत नसे. क्लबात सगळे त्या बाईला दुसऱ्याच आठवड्यापासून रोवेना म्हणायला लागले. थेल्मा अजून 'मिसेस पिकप' आणि 'तुम्ही' यावरून तसूभर हलली नव्हती.

ही थेल्मा होती तरी कोण, तर कोणीच नव्हती. बार्लिकमध्ये जन्मली, बार्लिकमध्येच राहिली. बाप गिरणीत माग दुरुस्त करायचा, आई मागावर उभी असायची. थेल्माही शाळा सुटली तशी मागावर उभी राहिली, आणि शेजारच्या मागावर होती ॲव्हरिल टॅटरसल. त्या वयात दोघी काटकुळ्या, केस फडक्यात बांधलेल्या, कापसाच्या पिंजाने पांढऱ्या झालेल्या. मागांचा तो खडखडाट ज्याने ऐकला नाही त्याला सांगून समजायचा नाही. शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून गिरणीतल्या बाया आवाजाशिवाय बोलायच्या. ओठ मोठे हलवायच्या, भुवया नाचवायच्या, हाताने खूण करायच्या. त्याला म्हणायचे मी-मॉ. लांबच्या लांब शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला लेकीच्या लग्नाची बातमी सांगायची, आणि मधे उभ्या असलेल्या मुकादमाला पत्ता नसायचा. त्याच्या नाकावर त्याचीच टिंगल व्हायची ती वेगळीच.

गिरणी बंद पडली. थेल्मा चॅपलची झाडलोट करू लागली. नवरा नॉर्मन भला माणूस, पण बोलण्यात चिक्कू, आणि तोही गेला. मूलबाळ नव्हतं. राहिली ती ॲव्हरिल. दोघींची घरं एकाच रस्त्यावर, समोरासमोर. सकाळी पडदा सरकवला की पलीकडच्या खिडकीत ॲव्हरिल दिसायची आणि आवाजाशिवाय गप्पा सुरू व्हायच्या. रात्री झोप लागली का, पाव संपलाय का, त्या शेजारणीने दोरीवर काय वाळत घातलंय बघितलंस का. खालून जाणाऱ्या माणसांना वाटायचं, दोन म्हाताऱ्या माशांसारखी तोंडं उघडमीट करताहेत. गिरणीतल्या बाकीच्या बाया एकेक करून गेल्या, कोणी लेकीकडे, कोणी वर. शेवटी थेल्माची पक्की समजूत झाली की ही भाषा आता जगात दोघींचीच उरली आहे.

आणि मग ही बर्नलीवाली आली. चॅपलच्या खोलीत पहिल्याच दिवशी, भिंतीतल्या चहा द्यायच्या खिडकीपासून थेट ॲव्हरिलकडे बघून, आवाज न करता म्हणाली, "साखर किती?"

तीही विणकरच निघाली. बर्नलीच्या गिरणीत उभी जवानी काढलेली.

ॲव्हरिल तर खुशीत टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली.  कोणी आपल्या कपाटातून आपलाच झगा काढून, अंगावर चढवून समोर उभं राहावं, तसं तिला झालं.

आता खेळाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या खेळातच घडलं. अक्षरांच्या टाइल बोर्डावर मांडून इंग्रजी शब्द जुळवायचे, आणि प्रत्येक अक्षराला ठरलेले गुण. स्क्रॅबलचा तो पुठ्ठ्याचा डबा ॲव्हरिलला चॅपलच्या सोडतीत लागला होता, आणि पहिल्याच डावात तिने थेल्माला हरवलं ते एका तीन अक्षरी शब्दाने. व्ही, आय, ई. व्हाय. एक साधं क्रियापद. चढाओढ करायची, दुसऱ्याच्या वरचढ व्हायला बघायचं, असा त्याचा अर्थ. व्हीचे चार गुण, बाकी दोघांचा एकेक, मिळून सहा. थेल्मा त्या दिवशी चिडली होती. "हा काय शब्द आहे? तोंडात घातला तर दाताखालीसुद्धा येणार नाही!" पण मग तिचा त्याच शब्दावर जीव जडला. इतका चिमुकला, पण किती गुणी! मागे डी लावा, झाला भूतकाळ, व्हाईड, आठ गुण. आणि खरी गंमत पुढच्या बाजूला. व्हाईडच्या आधी ई आणि एन लावले, की एन्व्हीड. हेवा केला, जळफळला. उच्चार पार बदलतो, पण अक्षरं तीच, जागची हलत नाहीत. दहा गुण.

क्लबात एक मिस्टर क्रॅब्ट्री होते. चहा करायचे आणि क्लबचा जाडजूड शब्दकोश सांभाळायचे. शब्दाचं मूळ वाचून दाखवायची त्यांना भारी हौस, आणि ऐकायची हौस कोणालाच नव्हती. एकदा थेल्मा म्हणाली, "व्हाय हे एन्व्हीचंच शेपूट. माणूस जळतो, म्हणून चढाओढ करतो. तोंडवळ्यावरूनच कळतंय की."

"नाही नाही, मिसेस एन्टविसल," क्रॅब्ट्रींनी चष्मा चढवला. "दिसतं तसं, पण नातं नाही. जुन्या फ्रेंचमधून आलाय, आणि तिथे लॅटिनमधून. लॅटिन शब्दाचा अर्थ बोलावणं, निमंत्रण देणं. आपल्या इन्व्हाईटचा सख्खा भाऊ. पूर्वी पत्ते खेळणारा आपली बोली टेबलावर टाकायचा, म्हणजे समोरच्याला म्हणायचा, ये, आता तुझी टाक. ते व्हाय."

"बोलावणं!" थेल्मा फिस्सकन हसली. "चढाओढीचं बोलावणं कोण कोणाला देतंय? काहीतरीच तुमचा शब्दकोश."

"माझा नव्हे हो, सगळ्यांचा आहे," ते म्हणाले, पण तोवर थेल्माने पाठ फिरवली होती.

बोलावण्यावरून आठवलं. दर वसंतात स्किप्टनला जोड्यांची स्पर्धा व्हायची. दोघांनी मिळून एका बाजूने खेळायचं. दरवर्षी, फेब्रुवारी संपता संपता, ॲव्हरिल समोरच्या फुटपाथवर उभी राहून थेल्माकडे बघायची आणि आवाज न करता म्हणायची, "स्किप्टन?" थेल्मा तोंड वाकडं करून, जणू तिला शंभर ठिकाणची बोलावणी आहेत अशा थाटात उलट म्हणायची, "बघते, जमतंय का." मग दोघी हसायच्या. एवढंच. पण ते झाल्याशिवाय थेल्माचा वसंत सुरू होत नसे.

यंदा फेब्रुवारी गेला. मार्च आला. स्किप्टनचं नावच नाही.

उलट एकेक गोष्ट अशी घडत गेली की थेल्माच्या अंगाचा तिळपापड व्हावा. सकाळी पडदा सरकवून तिने विचारलं, "झोप लागली का?" ॲव्हरिल पलीकडे खिडकीतच उभी होती. उत्तर नाही. चेहरा इकडे, पण नजर कुठेतरी बाजूला, धुराड्याकडे. दुसऱ्या दिवशी बेकरीसमोर भेटली, तर थेल्मा रस्त्यापलीकडून हातवारे करतेय आणि ही बाई सरळ चालत पुढे. क्लबात बोलतानासुद्धा डोळ्याला डोळा देईना. थेल्माच्या कानाच्या पाळीकडे बघून बोलायची. गुन्हा केलेलं माणूस असंच नजर चुकवतं, थेल्माने मनाशी ठरवून टाकलं.

आणि मंगळवार! दर मंगळवारी सकाळी ती लाल गाडी ॲव्हरिलच्या दारात येऊन उभी राहायची. ॲव्हरिल चांगला कोट घालून, टोपी घालून पुढच्या सीटवर बसायची, आणि गाडी निघून जायची ती दुपार टळून गेल्यावर यायची. थेल्मा पडद्याआडून बघायची. तिने आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. आता तिला वाटू लागलं, शिकायला हवी होती, नॉर्मन म्हणत होता तेव्हाच.

"मंगळवारी कुठे असतेस गं?" तिने एकदा विचारलंच.

"ब्रॅडफर्डला!" ॲव्हरिल ओरडली.

"ब्रॅडफर्डला काय आहे?"

"दुकानं!" आणि ती कानाच्या पाळीकडे बघून हसली.

ॲव्हरिलला दुकानांचा कंटाळा. एकदा घेतलेला कोट पंधरा वर्षं वापरणारी बाई ती. थेल्मा घरी आली आणि चहात साखरेऐवजी मीठ टाकून बसली.

रोवेना तिच्याही दाराशी येऊन गेली. दोनदा. थेल्माने पडद्याच्या फटीतून तो गोल चेहरा पाहिला, आणि श्वास रोखून जिन्याखाली उभी राहिली. बाई दार वाजवते, थांबते, परत वाजवते, जाते. "या ना, या, विजयाचे पेढे वाटायला आल्या असाल," असं काहीसं थेल्मा तिथल्या झाडूला म्हणाली. पेढे तिथे मिळत नाहीत, पण भावना तीच.

मग पुढचा एक गुरुवार आला. थेल्मा चहाच्या खिडकीशी उभी होती आणि त्या दोघी पार टोकाला, आपल्या त्या उजेडात. रोवेना ॲव्हरिलच्या गालाजवळ तोंड नेऊन काहीतरी सांगत होती. कुजबूज! बहिरीच्या कानात कुजबूज कसली करता! मग ॲव्हरिलने मान वळवली आणि जुन्या सवयीने आवाजाशिवाय बोलली. थेल्माने ओठ पकडले. चाळीस वर्षांचा सराव, ओठ काय सुटतात? तिने वाचलं. वरचे दात खालच्या ओठावर टेकले, व्ही. मग, "थेल्मा."

एन्व्हीड. थेल्मा.

थेल्मा जळली तुझ्यावर, असंच काहीतरी. आणि रोवेनाने मान हलवून 'नाही' म्हटलं, आणि ओशाळं हसली.

थेल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जळणं हे एक. माणूस एकट्याने जळतो, पडद्याआड जळतो, त्याची लाज त्याची त्याला. पण ज्या माणसासाठी जळतो त्यानेच ते दुसऱ्याला सांगावं? तेही आपल्या भाषेत? तिचे कान तापले. तिला रडू येतंय की हातातली किटली फेकावीशी वाटतेय, हे तिचं तिलाच कळेना.

"मिसेस पिकप," ती खोलीच्या या टोकाहून म्हणाली, आणि या वेळी आवाज लावून, "आज एक डाव होऊन जाऊ दे. तुमचा माझा."

क्रॅब्ट्रींनी किटली तिच्या हातातून हळूच काढून घेतली.

टेबल त्या वाऱ्याच्या खिडकीशीच लागलं. ॲव्हरिल मधे बसली, बघायला. थेल्मा आज जणू टाइल लावत नव्हती, खिळे ठोकत होती. रोवेना वाईट खेळत नव्हती, पण आज तिचं लक्ष नव्हतं. सारखी थेल्माच्या तोंडाकडे बघायची, काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. खेळ पुढे गेला. मग रोवेनाने पट्टीवरून चार टाइल उचलल्या आणि बोर्डाच्या डावीकडे, कडेजवळ लावल्या. व्ही, आय, ई, डी.

व्हाईड. चढाओढ केली.

शब्दाच्या अलीकडे दोन घरं मोकळी होती, आणि त्यातलं कडेचं घर लाल. लाल म्हणजे तिप्पट.

थेल्माने आपल्या पट्टीकडे पाहिलं. एन होता. ई होता. तिला वाटलं, देव बार्लिकमध्येच राहतो. तिने एक टाइल ठेवली, मग दुसरी लाल घरात ठेवली आणि बोटाने दाबली.

"घ्या," ती म्हणाली. "दहा तिप्पट तीस. वाचा काय लिहिलंय ते. मोठ्यांदा वाचा, सगळ्यांना ऐकू द्या. मागे बोलायचं ते पुढे बोला. हो, झालं असेल माझं तसं. झालंच! चाळीस वर्षं एका माणसाच्या तोंडाकडे बघून काढली, आणि तुम्ही येऊन सहा महिन्यांत तिला गाडीत घालून घेऊन गेलात. कोणाला होणार नाही?"

खोलीतले बाकीचे डाव थांबले. रोवेना पांढरी पडली. "मिसेस एन्टविसल, मला काही समजत..."

ॲव्हरिलला यातलं अक्षर ऐकू गेलं नव्हतं. तिला इतकंच दिसलं की काहीतरी मोठं लागलंय बोर्डावर. ती वाकली. इतकी वाकली की नाक टाइलला लागलं. मग मान वाकडी करून कोंबडीसारखं एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या. बोटाने अक्षरं चाचपली, सुरुवात, शेवट, मधला व्ही. आणि एकदम तिचा चेहरा उजळला.

"इन्व्हायटेड!" ती ओरडली. "सांगितलंस तर एकदाचं! रोवेना, अगं, मी विचारून विचारून थकले, बोलावलंस का थेल्माला, बोलावलंस का थेल्माला, आणि तू आपली मान हलवतेस! कधी बोलावलंस?"

 क्रॅब्ट्रींच्या हातातला चमचा कपात थांबला.

थेल्मा बोर्डाकडे बघत राहिली. सहा टाइल. इन्व्हायटेडला सात लागतात. आणि ॲव्हरिल, जी उलटा धरलेला शब्दही टेबलापलीकडून वाचायची, ती नाक लावूनही हे वाचू शकली नव्हती. मग थेल्माला चहाच्या खिडकीशी दिसलेले ते ओठ आठवले. मी-मॉमध्ये एन दिसत नाही, टी दिसत नाही, डी दिसत नाही. ते सगळे तोंडाच्या आत होतात. दिसतो तो व्ही, दात ओठावर. त्याच्या अलीकडे पलीकडे जे असतं ते माणूस आपल्या मनातून भरतो. तिने आपल्या मनातून भरलं होतं.

"ॲव्हरिल," ती म्हणाली, मग आठवून ओठ मोठे हलवून पुन्हा म्हणाली, "तुला दिसत नाहीये का?"

ॲव्हरिल तिच्या कानाच्या पाळीकडे बघत होती. "काय म्हणालीस? मान बाजूला कर जरा. तुझं तोंड नाही दिसत गं मला. टोपी दिसते, कान दिसतात, खांदे दिसतात. मधे नुसतं धुकं. डोळ्याचा मधला भाग गेलाय म्हणतात. कडेकडेचं राहील, मधलं येत नाही परत." मग हसून म्हणाली, "तुझं तोंड दिसत नाही याचं फार वाईट वाटून घेत नाही मी, पण टाइल दिसत नाहीत त्याचं वाटतं."

"आणि स्किप्टन?" थेल्माने विचारलं.

हे ॲव्हरिलला ऐकू गेलं नाही, दिसलंही नाही. रोवेनाने तिच्या तोंडाजवळ, अगदी बाजूने तोंड नेलं, आणि सांगितलं. म्हणजे ती कुजबूज नव्हतीच. तिला कडेने दिसावं म्हणून ती तिथे जायची.

"स्किप्टनला तू जायचंस, आणि हिच्याबरोबर," ॲव्हरिल म्हणाली. "मी मागे बसून केक खाणार. मी तुला बोलावलं असतं तर तू म्हणाली असतीस, तुझ्याशिवाय नाही, आणि घरी बसली असतीस. ओळखते मी तुला. म्हणून म्हटलं, हिने बोलवावं. ही चांगली खेळते. आणि मी-मॉ येतं हिला. मला दिसेनासं झाल्यावर तू कोणाशी बोलणार होतीस? भिंतीशी?"

"मी आले होते," रोवेना हळूच म्हणाली. "दोनदा. तुम्ही घरी होता, पडदा हलला. मग मला धीरच होईना."

"बोलावणं," क्रॅब्ट्री कपात बघत पुटपुटले. "तेच तर मी तेव्हा म्हणत होतो." पण ते कोणी ऐकलं नाही.

थेल्माला शरम वाटायला हवी होती, आणि वाटलीही, मानेपर्यंत वाटली. पण माझ्यावर विश्वास ठेवा, तिच्या मनात पहिला विचार आला तो शरमेचा नव्हता. तिने रोवेनाकडे वळून विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे हे?"

"ऑक्टोबर. एकदा रस्त्यात माझ्या गाडीपुढे आल्या होत्या. तेव्हा सांगितलं त्यांनी. ब्रॅडफर्डला डोळ्यांच्या दवाखान्यात मीच नेते."

"ऑक्टोबर," थेल्मा म्हणाली. "तुम्हाला ऑक्टोबरात. आणि मला मार्चात, तेही टाइलवरून." आणि उठून, कोट तसाच हातावर टाकून चालू पडली. तीस गुण कोणी मांडले नाहीत.

पुढच्या मंगळवारी सकाळी लाल गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा फुटपाथवर दोघी होत्या. ॲव्हरिल चांगल्या कोटात, आणि तिच्या कोपराला धरून थेल्मा, तीही चांगल्या कोटात, आणि टोपी इतकी घट्ट बसवलेली की वादळ आलं तरी हलू नये. रोवेनाने खाली उतरून सवयीने पुढचं दार उघडलं.

"पुढे नको," थेल्मा म्हणाली. "ती मागे बसेल. माझ्याजवळ."

"मागे जरा अवघड होतं त्यांना, गुडघ्यांमुळे..."

"रोवेना," थेल्मा म्हणाली. हे नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, आणि जरा खरखरीतच निघालं. "स्किप्टनला मी येते तुझ्याबरोबर. नीट खेळेन. तुझ्याशी गोड बोलायचाही प्रयत्न करीन, जमलं तर. पण ही मागे बसेल."

रोवेनाने मागचं दार उघडलं.

गाडी गावाबाहेर पडली. शेतांच्या दगडी कुंपणांवर धुकं होतं.  मग थेल्माने ॲव्हरिलचा हात घेतला, त्यावरचा हातमोजा काढला, आणि तिची बोटं आपल्या ओठांवर ठेवली. ॲव्हरिलला आधी समजलं नाही, मग समजलं. तिने डोळे मिटले, आणि बोटं जराशी दाबली. थेल्मा आवाजाशिवाय बोलू लागली. सावकाश, ओठ मोठे हलवत. रोवेनाने समोरच्या आरशात पाहिलं. थेल्माला ते दिसलं. तिने ॲव्हरिलच्या हातासकट आपलं तोंड खिडकीकडे फिरवलं, म्हणजे आरशात नुसती टोपी दिसावी.

"काय म्हणताय तुम्ही?" रोवेनाने विचारलं.

"तुझं नाही ते," थेल्मा म्हणाली. "तू रस्ता बघ."

आणि पुन्हा ओठ हलवू लागली. पहिल्यांदा बोटांना काही कळेना. दुसऱ्यांदा अर्धं कळलं. तिसऱ्यांदा ॲव्हरिलने सगळं वाचलं. मला आधी का नाही सांगितलंस?

ॲव्हरिलला आपला आवाज कधीच कळत नसे. ती अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडली, "कारण तू रडली असतीस!"

रोवेनाचा गिअर चुकला. थेल्मा खिडकीबाहेर बघत राहिली, मेंढ्यांकडे, जणू आयुष्यात मेंढ्या पाहिल्या नव्हत्या. मग तिच्या गालावरून खाली आलेलं ॲव्हरिलच्या बोटांना लागलं. ॲव्हरिलने बोटं काढली नाहीत. अंगठ्याने ते पुसलं.

"बघ," ती म्हणाली. "म्हणून."